दोन्हीकडून बुजवलेली खिडकी

ती खिडकी लावू नकोस. राहू दे उघडी. थंडी वाजत असेल तर घोंगडं ओढ अंगावर. लाईट गेली म्हणून गोष्ट पाहिजे आणि वारा सुटला म्हणून खिडकी बंद पाहिजे, दोन्ही लाड एका रात्रीत व्हायचे नाहीत. बसा गुमान. सांगतो ते मुरुमच्या ईरण्णा आडत्याचं. इकडून तिकडून ऐकलेलं नाही. खुद्द त्याच्या तोंडून ऐकलंय मी, चार-पाच वेळा तरी, आणि दर वेळी शब्दाला शब्द तोच.

ईरण्णा त्या दिवशी बायकोचं औषध आणायला निघाला होता. निजामाचं राज्य, सन सेहेचाळीस, डिसेंबरची तेवीस तारीख, सोमवार, आणि त्यात वेळ अमावस्या. वेळ अमावस्येला आपल्याकडं गावात कोण राहतंय? सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, दगडांचे पांडव मांडायचे, पूजा उरकायची आणि मग पालेभाजी-डाळींच्या भज्जीवर आणि ताकातल्या आंबिलावर तुटून पडायचं. वाटेनं चाललेल्या परक्या माणसालासुद्धा हाताला धरून पंगतीत बसवतात. त्या दिवशी एकटं जेवणारं माणूस या मुलखात शोधून सापडायचं नाही. ईरण्णाच्या घरात मात्र एक बाई एकटी होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली ईरण्णाच्या करदोट्याला.

तसा माणूस वाईट नव्हता बरं का. मापात खोट नाही, दारी आलेला जंगम कधी रिकाम्या हातानं गेला नाही. कपाळावर विभूती, तोंडात शिवाचं नाव. पण बायकोचा विषय आला की याचं डोकं फिरायचं. लोक त्याला संशयी म्हणायचे. मला विचाराल तर ते संशयापेक्षा वाईट होतं. त्याला हेवा वाटायचा. बायको ज्याच्याकडं बघेल त्याचा हेवा. सोनाराचा, कासाराचा, दारात आलेल्या गोंधळ्याचा. गोठ्यातल्या रेडकाला तिनं कुरवाळलं तर त्या रेडकाचा हेवा. हसू नका. रेडकू विकून टाकलं त्यानं.

ही गंमत पहिल्या बायकोच्या वेळची. शिवगंगा तिचं नाव. घर पेठेच्या मागच्या अंगाला, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, भिंती तीन-तीन हात रुंद. आतल्या खोलीला रस्त्याकडं एकच खिडकी होती, आणि भिंत एवढी जाड की खिडकीत दोन माणसं समोरासमोर मांडी घालून बसतील. शिवगंगा तिथं बसून डाळ निवडायची. रस्त्यापलीकडं आड. आडावर बायका पाण्याला यायच्या, बाप्ये बैलं पाजायला यायचे. शिवगंगा बायकांशी चार शब्द बोलायची, हसायची. एवढंच. पण ईरण्णा पेठेत दुकानावर बसून मनातल्या मनात ते हसणं ऐकायचा आणि जळायचा.

लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर त्यानं परगावचा गवंडी आणून खिडकी बुजवून घेतली. गवंडी म्हणाला, आधी चौकट काढून घेतो. ईरण्णा नको म्हणाला. बसवलेली चौकट घरातून उपटली की घरातलं माणूस जातं, असं त्याच्या आईनं सांगून ठेवलेलं. मग आतून कच्च्या विटांचा एक थर, बाहेरून दगडाचा एक थर, आणि मध्ये ती चौकट तशीच उभी. मधली जागा पोकळ. आपल्या माळवदाला उजेड यायला आणि धूर जायला भोक ठेवतात ना, साणं म्हणतात ते, त्याच्यावरही त्यानं फरशी सरकवली. वरून कुणी डोकावलं तर?

आता अशा खोलीत माणसाचं काय होईल ते मला सांगा. चुलीचा धूर आतल्या आत. पावसाळ्यात भिंतींना चढलेली ओल उन्हाळ्यापर्यंत उतरत नाही. ऊन म्हणून कसलं ते नाही. अंथरुणाला बुरशीचा वास. शिवगंगाला खोकला लागला. दोन बारीक ठसके, मग एक आवंढा, मग जरा वेळ शांत. परत दोन ठसके. चार वर्षं बाई तशी खोकली आणि गेली. आम्हा लिंगायतांत बसवून पुरतात, तशी बसवली तिला. ईरण्णा रडला. खोटं नाही, ऊर फुटेपर्यंत रडला. पण खिडकी काही उघडली नाही.

वर्ष सरायच्या आत दुसरी केली. लक्ष्मम्मा. कर्नाटकाच्या कडेच्या खेड्यातली, माहेरी कानडी, आपली मराठी जरा अडखळत बोलणारी. उंच, काळी, रानात राबलेली. लग्नात तिनं एकटीनं भरलेला हंडा उचलून चुलीवर ठेवला तेव्हा बायका तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या होत्या. ती त्या खोलीत आली. एक पावसाळा गेला. दिवाळीला दगडाबाईनं, म्हणजे तिच्या घरी पाणी भरायला येणाऱ्या म्हातारीनं, तिचं तोंड उजेडात बघितलं आणि कपाळाला हात लावला. पिवळं फटफटीत. गाल आत. आणि तोच खोकला... दोन ठसके, एक आवंढा.

तरी त्या खोकल्याचं ईरण्णाला एवढं काही वाटलं नव्हतं. त्याच्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. लक्ष्मम्मा रात्री बोलायची. हा बाहेर सोप्यात पडलेला असायचा आणि आतून कुजबुज ऐकू यायची, कानडीत. मधूनच हसणं. अगदी मोकळं, मैत्रिणीजवळ हसावं तसं. लक्ष्मम्मा त्याच्यासमोर एकदाही हसली नव्हती. हा उठून आत जायचा. ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. बुजवलेल्या खिडकीकडं.

"कुनाशी बोलायलीस?"

"कुनाशी न्हाय. सपान पडलं."

दुसऱ्या दिवशी हा सबंध भिंत बोटांनी चाचपायचा. कुणी भोक पाडलंय का. आतून बघितलं, रस्त्याकडून बघितलं. सुई जाईल एवढी फट नव्हती. फट सापडली असती तर बरं झालं असतं. सापडत नव्हती म्हणून तो जास्त पेटला. उंबऱ्यावर राख पसरून झोपला. सकाळी राखेत पाऊल नाही. दाराला कुलूप घालायला लागला. कुजबुज थांबेना. शेवटी त्यानं दगडाबाईला आडवं घेतलं.

म्हातारी कुणाला भ्यायची नाही. म्हणाली, "मालक, बाप्या कुटला आलाय? म्या दुपारचं ऐकलंय. दोगी हसायल्या हुत्या."

"दोगी? दुसरी कोन?"

"ते तुमीच वळका."

ईरण्णाला वाटलं, म्हातारी फितूर आहे. तिचं येणं बंद केलं. आता घरात लक्ष्मम्मा, तो खोकला आणि चार भिंती. वेळ अमावस्येच्या आदल्या रात्री ती एवढी खोकली की पदराला रक्त लागलं. ते बघून मात्र तो घाबरला. ही पण गेली तर? म्हणून सणाच्या दिवशी छकडा जुंपून तो महारुद्र वैद्याकडं निघाला.

वैद्याचं गाव उमरग्याच्या वाटेवर. वैद्यही अर्थात शेतात. ईरण्णा विचारत विचारत त्याच्या रानात पोचला तेव्हा दिवस कलला होता. कोपीपुढं पंगत बसलेली, पोरं झाडाला बांधलेल्या झोक्यावर. वैद्यानं त्याला बघितलं आणि आंबिलाचा गडू पुढं केला.

"बस. आदी आंबील पी."

"घाई हाय, वैद्यबुवा. रगत पडलं रातीला. औषद द्या."

वैद्यानं गडू खाली ठेवला. मग त्यानं पुड्या बांधल्या. "ह्या मधातनं चाटव. पर ईरण्णा, ह्याच पुड्या म्या तुज्या पहिलीला दिल्या हुत्या. औषद तेच, खोली तीच. निकाल येगळा कसा लागंल? खिडकी उगड. साण्यावरची फरशी काड. न्हाय जमत तर म्हायेरी धाड तिला. वारं न्हाय त्या खोलीत. असंच ठिवलंस तर संक्रांत बगत न्हाय ती."

आता ईरण्णानं यावर काय विचारावं? म्हणाला, "माज्या आतल्या खोलीचं तुमाला काय ठावं? तुमी कवा आलतासा?"

वैद्यानं त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी लाजून मेला असता. "तूच न्हेलतंस की मला. नाडी बगायला. कंदील घिऊन आमा दोगांच्या मदी तूच हुबा हुतास."

ईरण्णा पुड्या घेऊन निघाला. वैद्याचा हेवा करत निघाला.

वाटेत अंधार पडला. तुम्हाला माहीत आहे, त्या संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताच्या कडेनं फिरवतात. दोन्ही अंगाच्या रानांत जाळ पळताना दिसत होते. लोक ओरडत होते, बायका हसत होत्या. एका बांधावरून कुणीतरी हाक मारली, "ओ पावनं! या जेवायला!" हा खोटंच म्हणाला, जेवलोय. त्याला ती सगळी हसणारी माणसं बघवत नव्हती. एवढ्या उघड्या रानात बायका आहेत आणि यांच्या नवऱ्यांना काहीच कसं वाटत नाही, याचा त्याला राग आला होता. आणि खरं सांगायचं तर, तेवढ्यात त्यांचाही हेवा.

मग जाळ विझले. गाड्या घरी गेल्या. वाट रिकामी झाली.

मुरुममध्ये शिरला तेव्हा अकराचा सुमार. अमावस्येचा अंधार. दिवसभर दमलेलं गाव मेल्यासारखं झोपलेलं. एरवी त्यानं छकडा दारापर्यंत आणला असता. पण वाटेत त्याच्या डोक्यानं घेतलं होतं, आज मी घरी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज तो येणार. जो कोण असेल तो. म्हणून छकडा गल्लीच्या तोंडाशीच उभा केला. पायताण काढून काखेत मारलं. कंदील विझवला. आणि आपल्याच घराकडं चोरासारखा गेला.

दाराला कुलूप होतं तसंच. हात लावून बघितलं. गार.

मागच्या अंगाला वळला. आड दिसत होता. आडावर कुणी नाही. रस्त्यावर कुणी नाही. बुजवलेल्या खिडकीपाशी... कुणी नाही.

आणि आत हसणं चाललेलं.

त्यानं दगडाला कान लावला.

लक्ष्मम्मा हसत होती. मग काहीतरी टाकल्याचा बारीक आवाज. खडखड. मग परत हसणं. आणि त्या हसण्यात दुसरं एक मिसळलेलं.

बाईचं.

पहिल्यांदा ईरण्णाचा जीव भांड्यात पडला. बाप्या नाही. बाई आहे, मग असू दे. दगडाबाईच असेल. मग त्याचा हात कमरेला गेला. किल्ली करदोट्याला होती. कुलूप दाराला होतं.

मग... आत कोण?

आणि तेवढ्यात खोकला ऐकू आला.

दोन बारीक ठसके. एक आवंढा. शांत.

लक्ष्मम्माही तशीच खोकायची, पण लक्ष्मम्मा भिंतीच्या पलीकडं, खोलीत, तीन हातांवर. हा खोकला तिथून आला नव्हता. हा भिंतीच्या आतून आला. त्याच्या कानापासून वीतभर.

चार वर्षं ऐकलेला खोकला माणूस विसरत नाही.

"शिवगंगा?"

हसणं थांबलं.

सगळं थांबलं. कुत्रं नाही, रातकिडा नाही. मग आतून, अगदी हळू, लक्ष्मम्मा म्हणाली, "आलेत वाटतं."

बस. पुढं काही नाही. घरचा माणूस आला की गप्पा मारणाऱ्या बायका गप्प होतात, तशा त्या दोघी गप्प झाल्या.

तो मला सांगायचा, त्या क्षणी मी भ्यालो नाही. भ्यायला पाहिजे होतं. पण मला एवढंच वाटलं, मला बघून ह्या गप्प का झाल्या?

त्यानं दार उघडलं. कंदील लावला. काडी तीनदा विझली. आतल्या खोलीत गेला. लक्ष्मम्मा बाजेवर बसलेली. पडलेली नाही, बसलेली. तोंड भिंतीकडं. श्वास सरळ चाललेला. खोकला नाही. महिन्यात पहिल्यांदा खोकला नाही.

"कोन हुतं?"

"अक्का."

"कोन अक्का?"

"तुमची पहिली."

ईरण्णानं तरी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना.

"काय म्हनती?"

"इल्ली बा, म्हनती. इल्ली गाळी अद."

ईरण्णाला कानडी येत होती. तुम्हाला सांगतो. इकडं ये. इकडं वारा आहे.

"आनि तू काय म्हनलीस?"

लक्ष्मम्मानं त्याच्याकडं वळून बघितलं. तिच्या तोंडावर अजून हसणं होतं, पण ते त्याच्यासाठी नव्हतं.

"आज येते म्हनलं."

दुसरा कुणी असता तर बोंब ठोकत गावात गेला असता. नाहीतर बायकोला खांद्यावर टाकून बाहेर पळाला असता. ईरण्णाच्या काळजाला आग लागली. माझी बायको. हिला कोण घेऊन जातंय? आणि नेणारी तरी कोण, तीही माझीच. दोघी माझ्या, आणि मला विचारल्याशिवाय, माझ्या भिंतीत, माझ्या पाठीमागं... माझ्यापाशी कधी अशा हसल्या होत्या का? एक तरी?

त्यानं गोठ्यातून पहार आणली.

लक्ष्मम्मा उठून आडवी आली. "फोडू नका ओ! अक्काला लागंल!"

त्यानं तिला बाजेवर ढकललं आणि पहार घातली.

ध्यानात घ्या. वैद्यानं सांगितलं तेव्हा त्यानं खिडकी उघडली नाही. रक्त पडलं तेव्हा उघडली नाही. उघडली ती शिवगंगाला हाताला धरून बाहेर ओढण्यासाठी.

"भाईर ये! ये भाईर! बगतो कोन कुनाला न्हेतंय!"

गिलावा पडला. एक वीट हलली. पहार घालून त्यानं ती खोलीत ओढली. मग दुसरी. आतून वारा आला.

थांबा. नीट ऐका. बाहेरचा दगडी थर अजून शाबूत होता. सुई जाईल एवढी फट नव्हती त्यात, हे त्यानं स्वतः बघितलेलं. आणि तरी आतून वारा आला. गार. मोकळ्या रानातला. त्या वाऱ्याला ओल्या मातीचा आणि हिरव्या हरभऱ्याचा वास होता.

त्यानं कंदील आत धरला.

कुणी नव्हतं.

जुनी चौकट तशीच उभी. खाली बसायची जागा. तिच्यावर इतक्या वर्षांची धूळ, बोटभर जाड. आणि त्या धुळीत दोन जागा पुसून स्वच्छ झालेल्या. समोरासमोर. मांडी घालून दोन बायका बसाव्यात तेवढ्या. मधल्या धुळीत बोटानं पट आखलेला. घरं, घरांत फुल्या, बाजूला चार चिंचोके टाकलेले. खेळ अर्धा झालेला. एकीच्या सोंगट्या म्हणजे बांगडीचे तुकडे. दुसरीच्या...

ओल्या हरभऱ्याचे दाणे. हिरवेगार. आत्ता घाट्यातून सोललेले.

त्या घरात त्या साली ओला हरभरा आलेला नव्हता. कुणी आणणार? तो आणणारा, आणि त्यानं आणला नव्हता.

एक जागा शिवगंगाची. मग समोरची कुणाची? दाराला कुलूप. किल्ली त्याच्या कमरेला. उंबऱ्यावरच्या राखेत इतके दिवस एकही पाऊल नाही. त्यानं मागं वळून लक्ष्मम्माकडं बघितलं. ती बाजेवर बसलेली. तिच्या लुगड्याला मागून धूळ लागलेली होती.

ईरण्णानं हात आत घातला आणि एक दाणा उचलला. का उचलला, ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मूठ मिटली. आणि मग त्याच्या अंगात जे आलं ते आलं. एका हातानं पहार घेऊन तो बाहेरच्या दगडांवर तुटून पडला. शिवगंगा पलीकडं पळाली असणार. रस्त्यानं पळाली असणार.

दगड रस्त्यावर पडले. एक. दोन. मग सगळा थर.

खरा वारा आत आला. पौषाच्या तोंडावरचा, बोचरा. कंदील विझला.

अंधार.

कुणी हललं नाही.

मग... जोडव्यांचा आवाज. फरशीवर. खिडकीकडून. त्याच्या अगदी जवळून. तो अंग चोरून उभा राहिला. आवाज बाजेपाशी गेला. थांबला.

बाज करकरली. दुसरं कुणीतरी बसलं.

"लक्ष्मम्मा?"

...

"शिवगंगा?"

...

फक्त श्वास. लांब, खोल, आत ओढलेला. आडात बुडालेलं माणूस वर येऊन घेतं तसा. एक श्वास.

आणि त्याच्या शेजारी दुसरा.

ईरण्णा पळाला. छकड्याखाली जाऊन पडला, तो उजाडेपर्यंत. त्याला स्वतःला श्वास लागला होता.

सकाळी दगडाबाई आली, तिच्यामागं चार माणसं. लक्ष्मम्मा उन्हात बसलेली. हो, त्या खोलीत ऊन आलं होतं, बाजेवर, तिच्या पायांवर. खोकत नव्हती. भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. ईरण्णा अडवायला उठलासुद्धा नाही. ती परत आली नाही. खोकलाही परत आला नाही. म्हातारी होऊन गेली, मी बघितलंय तिला, पायरीवर बसून दात नसलेल्या तोंडानं खळखळून हसायची. त्या रात्रीबद्दल विचारलं की एवढंच म्हणायची, "डाव अर्धा ऱ्हायला बगा."

ईरण्णा मात्र पुन्हा छपराखाली झोपला नाही. उन्हाळा, पावसाळा, ओट्यावर. आत गेलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणायचा. मला हे सांगायचा तेव्हा त्याला त्या दोघींचं वाईट वाटत असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण शेवटी म्हातारा डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा ते निराळंच. "म्या जित्ता नवरा. दोगी माज्या. आनि मला कुनी खेळायला बोलवलं न्हाय."

शेवटच्या वेळी सांगितलं ते सन एकाहत्तरला, चैत्रात. रानात ओला हरभरा सोडा, ओली काडी नव्हती. मी तेव्हा तरणा, खोचक. म्हणालो, काका, गोष्ट झकास, पण पुरावा काय? त्यानं बंडीच्या खिशातून चंची काढली. तंबाखूच्या खालचा कप्पा उलगडला आणि माझ्या तळहातावर एक दाणा ठेवला.

हिरवा होता.

मला वाटलं, म्हातारा फसवतोय. रंगवलेला असेल. मी त्याला नख लावलं.

पाणी आलं.